गाडीची काळी काच : कायदा, पोलीस आणि आपला हंगामातला रस्ता



गळीत हंगाम तोंडावर आला आहे. नोंदी, तोडणी कार्यक्रम, वाहतूक करार यांची धावपळ सुरू आहे. अशा वेळी ऊस विकास विभागाने बेण्यावर, खोडव्यावर किंवा पाचटावर लिहावे अशी आपली अपेक्षा असते. ते लिखाण नेहमीप्रमाणे येत राहीलच. या वेळी मात्र जरा वेगळा विषय घेतला आहे.

गेल्या काही वर्षांत आपल्या कार्यक्षेत्रात गावोगावी चारचाकी गाड्या आल्या. उसाच्या बिलावर मुलांची शिक्षणे झाली, घरे झाली, दारात गाडी आली. ही समाधानाची गोष्ट आहे. पण त्यातल्या बऱ्याच गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म चिकटवलेली दिसते. मग तालुक्याच्या नाक्यावर पोलीस गाडी अडवतात, चलन फाडतात, कधी तिथेच फिल्म ओरबाडून काढायला लावतात. शिवारफेरीत उसाचे बोलणे संपले की सभासद हमखास विचारतात, "साहेब, गाडी आमची, काच आमची, ऊन आम्हाला लागतं. मग पोलिसांचं त्यात काय जातं?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर "कायदा आहे म्हणून" एवढेच दिले तर कोणाचे समाधान होत नाही, आणि पुढच्या महिन्यात फिल्म पुन्हा काचेवर येते. म्हणून हा कायदा काय आहे, तो कसा बनला, पोलिसांचा अधिकार कुठवर आहे आणि आपला अधिकार काय, हे नीट समजून घेऊ. शेवटी एक गोष्ट आपल्याच रस्त्याची सांगायची आहे. ती सर्वांत महत्त्वाची आहे.

काचेचा उतारा

शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली, त्याला आपण साखर उतारा म्हणतो. काचेचेही तसेच आहे. बाहेरून शंभर भाग प्रकाश काचेवर पडला तर त्यातला किती भाग पलीकडे पोहोचला, यावरून काचेची पारदर्शकता ठरते. सत्तर भाग पोहोचला तर ती काच सत्तर टक्क्यांची. स्वच्छ, कोरी काचसुद्धा शंभरच्या शंभर भाग सोडत नाही. तिच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे आठ भाग प्रकाश परत फिरतो. त्यात काचेला कारखान्यातच हलका हिरवा किंवा राखी रंग दिलेला असेल तर आणखी काही भाग काचेतच मुरतो.

आता फिल्मचा हिशोब पाहा. यात बहुतेकांची फसगत होते. ऊस रोपवाटिकेवर आपण पन्नास टक्क्यांची शेडनेट टाकतो. एक थर टाकला तर निम्मे ऊन खाली येते. त्यावर दुसरा तसाच थर टाकला तर उरलेल्या निम्म्याचे निम्मे, म्हणजे पंचवीस टक्के ऊन खाली येते. काच आणि फिल्म हे असेच दोन थर आहेत. बाजूची काच मुळात ७० टक्के प्रकाश सोडणारी असेल आणि तिच्यावर ५० टक्के प्रकाश सोडणारी फिल्म चढवली, तर दोन्ही मिळून आत येणारा प्रकाश ३५ टक्के उरतो. दुकानदार "पन्नास टक्क्यांची आहे, कायद्यात बसते" असे सांगतो. तो एकट्या फिल्मविषयी बोलत असतो आणि नियम मात्र गाडीवरच्या काचेविषयी बोलतो.

पुढच्या काचेचा हिशोब तर याहून काटेकोर आहे. पुढची काच ७५ टक्के प्रकाश सोडते असे धरा. तिच्यावर अगदी फिकी, ९० टक्के प्रकाश सोडणारी फिल्म लावली तरी उत्तर साडेसदुसष्ट टक्के येते. डोळ्यांना ती काच कोरीच वाटेल, पण नियमाच्या खाली गेलेली असेल. त्यातच काही दुकानांत "सत्तर टक्के" म्हणजे सत्तर टक्के अडवणारी फिल्म, असाही उलटा अर्थ लावला जातो. म्हणून टक्क्यांच्या भाषेवर डोळे झाकून भरवसा ठेवू नये.

मूळ नियम

आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे आणि त्याखालील केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे आहेत. या नियमांतला नियम १०० काचेविषयी आहे. त्याचा सारांश असा :

१) मोटारीच्या काचा सुरक्षा काचेच्या, म्हणजे फुटल्यावर मोठे धारदार तुकडे न होणाऱ्या असाव्यात. शेतीच्या ट्रॅक्टरला या अटीतून वगळले आहे.

२) पुढची आणि मागची काच किमान ७० टक्के प्रकाश सोडणारी असावी.

३) बाजूच्या काचा किमान ५० टक्के प्रकाश सोडणाऱ्या असाव्यात.

४) काचा नुसत्या तशा बनवलेल्या असून भागत नाही. त्या तशाच स्थितीत ठेवल्याही पाहिजेत.

हा चौथा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा वाद त्याच्यावरच झाला. गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हा तिच्या काचा नियमात बसणाऱ्या असतात. काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत भारतीय मानकाची खूण कोरलेली असते, ती आपल्या गाडीवर पाहून घ्यावी. त्यानंतर मालक त्या काचेवर जे काही चढवतो त्याची जबाबदारी मालकाची.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल

नियम १९८९ पासून होता, पण तो बराच काळ कागदावरच राहिला. याला एक साधे कारण होते. सत्तर आणि पन्नास टक्के मोजायला यंत्र लागते. काचेच्या दोन्ही बाजूंना धरून प्रकाश मोजणारे छोटे यंत्र असते, पण ते प्रत्येक नाक्यावरच्या पोलिसाच्या हातात नव्हते. पोलीस म्हणायचा, "काच काळी आहे." मालक म्हणायचा, "पन्नासच्या वर आहे, मोजून दाखवा." वाद तिथेच थांबायचा, नाहीतर रस्त्याच्या कडेला भलत्याच मार्गाने मिटायचा.

पुढे अभिषेक गोयंका यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. काळ्या काचांच्या गाड्यांतून गुन्हे होतात, आत कोण आहे ते पोलिसाला दिसत नाही, गुन्हेगार निसटतात, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीश एस. एच. कपाडिया यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दि. २७ एप्रिल २०१२ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्या. स्वतंत्र कुमार यांनी लिहिले आहे.

न्यायालयाने सांगितले ते थोडक्यात असे. गाडीच्या उत्पादकाने ७० आणि ५० टक्क्यांच्या मर्यादेत राहून रंगीत काच बसवली तर चालेल. पण गाडी बाहेर पडल्यावर त्या काचेवर काळी फिल्म किंवा दुसरे कोणतेही साहित्य चिकटवायचे नाही, मग त्या फिल्मची टक्केवारी कितीही असो. ही बंदी दि. ४ मे २०१२ पासून देशभर लागू झाली. पुढची, मागची, बाजूची अशा सर्व काचांना आणि सर्व वाहनांना ती लागू होती. पोलिसांनी नुसते चलन फाडून थांबू नये, फिल्म काढायलाही लावावी, असा त्याचा अर्थ झाला. फिल्म बनवणाऱ्या व विकणाऱ्यांनी यात बदल मागितला, तोही त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात नाकारला गेला.

या निकालाने मोजणीचा प्रश्नच निकालात काढला. यंत्र असो वा नसो, फिल्म आहे की नाही हे नखाने काचेच्या कडेला तपासले तरी कळते. पोलिसाचे काम सोपे झाले, आणि "मोजून दाखवा" हा मालकाचा मुद्दा संपला. पोलीस आजही टक्के न विचारता थेट फिल्मवर बोट ठेवतात, त्याचे मूळ इथे आहे.

मग साहेबांच्या गाडीला कसे चालते?

हा दुसरा नेहमीचा प्रश्न. उत्तर असे की चालत नाही. ज्यांना झेड किंवा झेड प्लस दर्जाची सुरक्षा आहे, अशांच्या सुरक्षेच्या गाड्यांपुरतीच सवलतीची वाट न्यायालयाने ठेवली आहे, आणि तीही गृह खात्याच्या व पोलिसांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने विचार करून द्यायची आहे. त्या यादीत सरपंच नाही, सभापती नाही, कारखान्याचा संचालक नाही, अधिकारी नाही आणि ठेकेदारही नाही. काचेवर संस्थेचे नाव किंवा पुढे पाटी लावली म्हणून कोणाला सवलत मिळत नाही.

प्रत्यक्षात काही मोठ्या गाड्या नाक्यावरून सलाम घेत जातात आणि मागची छोटी गाडी अडवली जाते, ही तक्रार खोटी नाही. कायदा सर्वांना सारखा लागला तरच लोक तो मानतात. पण दुसऱ्याने चारी तोडून पाणी नेले म्हणून आपणही तोडावी, असे पाणी वापर संस्थेत आपण कधी म्हणत नाही. मोठ्यांना दंड होत नाही ही तक्रार जरूर करावी. ती करणाऱ्याची स्वतःची काच मात्र कोरी असावी.

नियमामागची दोन कारणे

काळ्या काचेला हरकत दोन वेगवेगळ्या कारणांसाठी घेतली जाते. ही दोन कारणे वेगळी ओळखली पाहिजेत.

पहिले कारण चालकाला बाहेरचे दिसण्याचे. ब्रिटनमध्ये कायदा मुख्यतः याच बाजूने लिहिलेला आहे. तिथे एप्रिल १९८५ पासून वापरात आलेल्या गाड्यांची पुढची काच किमान ७५ टक्के आणि पुढच्या दारांच्या काचा किमान ७० टक्के प्रकाश सोडणाऱ्या लागतात. मागच्या आसनांच्या काचांवर मात्र तशी मर्यादा नाही, कारण चालक त्या काचांतून रस्ता पाहत नाही. ज्यांची मुले तिकडे शिकायला किंवा नोकरीला आहेत त्यांनी "तिकडे तर मागच्या काचा काळ्याकुट्ट असतात" असे ऐकले असेल. ते खरे आहे, पण तिकडची पुढची मर्यादा आपल्यापेक्षा कडक आहे.

दुसरे कारण बाहेरच्याला आतले दिसण्याचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या कारणावर मोठा भर दिला, म्हणून आपल्याकडे मागच्या काचाही सुटल्या नाहीत. हे कारण किती खरे आहे ते त्याच वर्षी देशाने पाहिले. दि. १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत एका तरुणीवर धावत्या खासगी बसमध्ये अत्याचार झाला. त्या बसच्या काचा काळ्या होत्या, आत पडदे होते, आणि ती रहदारीच्या रस्त्यांवरून फिरत राहिली. बंदी लागू होऊन तेव्हा सात महिने झाले होते. आदेश निघाला म्हणजे अंमल झाला असे नसते, एवढा धडा त्यातून सर्वांनी घ्यायचा आहे. आपल्या लेकीबाळी कॉलेजला, नोकरीला खासगी गाड्यांतून जातात. त्या गाडीत कोण बसले आहे हे रस्त्यावरच्या चार माणसांना दिसणे हीसुद्धा एक राखण आहे.

सन २०२१ नंतर काय बदलले?

वर्तमानपत्र वाचणारे सभासद म्हणतील, "आता तर फिल्म चालते असं छापून आलं होतं." त्याचाही खुलासा करतो.

केंद्र सरकारने २०२० साली नियम १०० मध्ये दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली. पूर्वी नियमात फक्त 'सेफ्टी ग्लास' हा शब्द होता, आता 'सेफ्टी ग्लेझिंग' हा जास्त व्यापक शब्द आला. आतल्या बाजूला प्लॅस्टिकचा थर असलेली काचही त्यात बसते. ७० आणि ५० टक्क्यांची मर्यादा मात्र तशीच राहिली. या बदलाच्या आधारे केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये निकाल दिला की ठरलेल्या मानकाची फिल्म ७० व ५० टक्क्यांच्या मर्यादेत राहत असेल तर तेवढ्या कारणावरून दंड करता येणार नाही.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, त्या निकालातही काळ्याकुट्ट फिल्मला परवानगी मिळालेली नाही. काच आणि फिल्म मिळून मर्यादेत बसली पाहिजे, आणि वरचा शेडनेटचा हिशोब केला तर बाजारातल्या काळ्या फिल्म त्यात बसत नाहीत. दोन, तो निकाल केरळचा आहे. आपल्या राज्यातल्या नाक्यावर त्या निकालाचे कात्रण दाखवून चलन रद्द होईल या भरवशावर कोणी राहू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या बंदीचा आधार पोलिसांकडे आहे. सरळ मार्ग असा की काच जशी कंपनीतून आली तशी ठेवावी. त्या काचेविषयी कोणत्याही राज्यात कोणी प्रश्न विचारणार नाही.

पोलिसांनी गाडी थांबवली तर

गाडी थांबवली की काही जण वर फोन लावतात, काही जण हुज्जत घालतात, तर काही जण घाबरून मागतील तेवढे देऊन मोकळे होतात. यातले काहीच करण्याची गरज नाही.

१) गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित उभी करावी आणि काच खाली करून शांतपणे बोलावे. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागितला तर वाहन परवाना दाखवणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे बंधनकारक आहे.

२) मूळ कागद घरी राहिले असतील तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी ॲपवरचा परवाना व नोंदणीपत्र ग्राह्य धरले जाते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी घरातल्या शिकत्या मुलामुलींकडून एकदा भरून घ्यावे.

३) कोणत्या नियमाखाली चलन करत आहात, हे नम्रपणे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. काचेसाठी सहसा नियम १०० आणि कायद्याचे कलम १७७ लावतात. या कलमाखाली पूर्वी दंड पहिल्या वेळी १०० रुपये आणि पुढे ३०० रुपयांपर्यंत होता. सन २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत झाला. म्हणजे फिल्म तशीच ठेवून पुन्हा पुन्हा चलन भरणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

४) पैसे भरले तर पावती घेतल्याशिवाय हलू नये. ई-चलन असेल तर त्यावर गाडीचा क्रमांक, ठिकाण, वेळ आणि कलम बरोबर आहे का ते पाहावे. पावतीशिवाय दिलेला पैसा सरकारजमा होत नाही, आणि तो देणाराही तितकाच चुकतो.

५) चलन मान्य नसेल तर ते रस्त्यावर सोडवायचे नसते. तडजोड शुल्क भरणे म्हणजे प्रकरण तिथेच मिटवणे. ते न भरता न्यायालयात आपली बाजू मांडता येते. काच कंपनीचीच आहे, फिल्म नाही, तरी चलन झाले असे असेल तर काचेवरच्या मानकाच्या खुणेचा फोटो काढून ठेवावा. तो पुरावा उपयोगी पडतो.

६) फिल्म असेल तर ती काढण्याची तयारी दाखवावी. त्यात कमीपणा नाही.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. आधीच्या मालकाने फिल्म लावली असली तरी आज गाडी ज्याच्या ताब्यात, चलन त्यालाच. व्यवहार ठरवताना इंजिन, टायर पाहता तसा काचेच्या कडेवरून नखही फिरवून पाहावे.

ऊन लागते त्याचे काय?

आपल्याकडचे एप्रिल-मेचे ऊन कोणाला सांगायला नको. पण काळेपणा आणि गारवा ही एकच गोष्ट नाही. उन्हातली साधारण निम्मी उष्णता डोळ्याला न दिसणाऱ्या किरणांतून येते. साधी काळी रंगाची फिल्म दिसणारा उजेड अडवते, म्हणून आत अंधारे आणि गार 'वाटते'. पण ती स्वतः उष्णता शोषून तापते आणि त्यातली काही आतच सोडते. म्हणजे जेवढा उजेड घालवला तेवढा गारवा हाती येत नाही.

त्यापेक्षा हे करावे. गाडी उभी करताना सावली पाहावी. उभ्या गाडीच्या पुढच्या काचेला आतून चकचकीत पडदा लावावा, निघताना तो काढून ठेवावा. बसण्याआधी चारही दारे मिनिटभर उघडावीत, पहिले थोडे अंतर काचा खाली करून जावे, कोंडलेली गरम हवा निघून गेली की मग काचा वर करून एसी लावावा. बाजूच्या काचांना लावायच्या जाळ्या उभ्या गाडीपुरत्याच ठेवाव्यात. चालत्या गाडीत, विशेषतः पुढच्या दारांना, त्या लावू नयेत.

आता आपल्या रस्त्याचे

इथवर कायद्याचे झाले. आता आपल्या कामाचे बोलू.

हंगाम सुरू झाला की आपले रस्ते बदलतात. दिवस मावळल्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ट्रक आणि टायर बैलगाड्यांची रांग कारखान्याकडे निघते. उसाची मोळी ट्रॉलीच्या बाहेर आलेली असते. मागचा दिवा वाढ्यांनी झाकला जातो, रिफ्लेक्टर धुळीने माखतो. बैलगाडीला तर स्वतःचा दिवा असतो तो कंदील किंवा बॅटरी एवढाच. पुढे चालणारे बैल आणि गाडीवर बसलेले ऊसतोड जोडपे यांना रात्रीच्या अंधारात ओळखायला जो काही उजेड मिळतो, तो आपल्या गाडीच्या दिव्याचा असतो. तो तिथे जाऊन परत येतो आणि आपल्या काचेतून आत शिरतो, तेव्हा कुठे आपल्याला दिसते. रिफ्लेक्टर स्वतः जळत नाही, त्याला मिळालेला उजेड तो परत पाठवतो. त्या परत आलेल्या उजेडातला निम्माअधिक भाग आपण फिल्म लावून काचेवरच अडवला, तर रिफ्लेक्टर लावून काय उपयोग?

हिशोब करून पाहा. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून जास्त पुढे जाते. काळ्या काचेमुळे पुढची ट्रॉली अर्धा सेकंद उशिरा लक्षात आली, तर ब्रेकवर पाय जाण्याआधीच गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. आठ मीटर म्हणजे ट्रॉलीच्या लांबीहून जास्त अंतर. वय वाढेल तसा डोळ्याच्या आत पोहोचणारा उजेडही कमी होत जातो. आपल्यातले बरेच सभासद पन्नाशी-साठीचे आहेत. तरुण मुलाच्या हौसेने लावलेली फिल्म त्याच्या डोळ्यांना एकवेळ खपून जाईल, वडिलांच्या डोळ्यांना नाही. आणि गाडी दोघेही चालवतात.

बाजूच्या काचेचेही तसेच. शेतातल्या पाणंद रस्त्यावरून डांबरी सडकेवर येताना आपण बाजूच्या काचेतून पाहतो. बाहेरचा आरसाही त्याच काचेतून दिसतो. न दिसलेला सायकलवाला, पाठीमागून येणारी दुचाकी, कडेने चालणारी बाई, हे सगळे त्या काळोखात हरवतात.

तिसरी जागा म्हणजे कारखान्याचे आवार आणि गाडीतळ. इथे ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात. त्यांची लहान मुले दिवसरात्र आसपास खेळत असतात. सभासद बिलासाठी, साखरेसाठी, मोळी पूजनासाठी गाड्या घेऊन येतात आणि संध्याकाळच्या अंधारात गाडी मागे घेतात. मागची काच काळी असेल तर कमरेएवढे मूल आरशात दिसत नाही. हे मजूर शेकडो मैलांवरून आपला ऊस तोडायला येतात. त्यांच्या मुलाबाळांना आपल्या गाडीपासून धोका असू नये, ही मालक म्हणून आपली पहिली जबाबदारी आहे. यासाठी पोलिसाने सांगण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

अपघात झालाच, गाडी कालव्यात किंवा चारीत गेलीच, तर धावून आलेल्या माणसांना आत किती जण आहेत, कोण कुठे अडकले आहे, हे पहिल्या नजरेत दिसावे लागते. काळ्या काचेआड ते दिसत नाही.

फिल्म काढायची कशी

घरच्या घरी काढता येते. काच उन्हात तापू द्यावी किंवा केस वाळवण्याच्या यंत्राने फिल्मची कड गरम करावी. कोपरा सुटला की फिल्म सावकाश, एकाच दिशेने ओढावी. राहिलेल्या चिकटपणावर साबणाचे कोमट पाणी मारून थोडा वेळ थांबावे आणि मऊ कापडाने पुसून घ्यावे. मागच्या काचेवर आतून आडव्या बारीक तारा असतील तर तिथे ब्लेड मुळीच लावू नये. काचेवरचे दव घालवणाऱ्या तारा त्या, एकदा तुटल्या की काम करत नाहीत. तिथे फिल्म तारांच्याच दिशेने हळूहळू ओढावी. घाई वाटत असेल तर गॅरेजमध्ये काढून घ्यावी.

सर्व सभासदांना विनंती

ऊस वाहतूकदारांनी ट्रॉली, ट्रक आणि बैलगाडीला रिफ्लेक्टर लावावेत, ते रोज पुसावेत, मागचा दिवा वाढ्यांआड जाऊ देऊ नये, हे आपण दरवर्षी सांगतो आणि याही वर्षी सांगणार आहोत. पण ते अर्धेच काम झाले. पुढच्याने दिसायची सोय केली तर मागच्यानेही पाहायची सोय ठेवली पाहिजे.

तरी ज्या सभासदांच्या, त्यांच्या मुलांच्या, वाहतूक ठेकेदारांच्या किंवा मुकादमांच्या गाड्यांवर काळी फिल्म असेल, त्यांनी ती मोळी पूजनाच्या आत काढून घ्यावी. पदाधिकारी आणि आम्ही कर्मचारी यांनी आपल्या गाड्यांपासून सुरुवात करावी, म्हणजे दुसऱ्याला सांगताना जीभ अडखळणार नाही. गटातल्या कृषी सहाय्यकांनी ऊस नोंदीच्या फेरीत चार शब्द याविषयीही बोलावेत.

पाचशे रुपयांचे चलन भरता येते. रस्त्यावर गेलेला माणूस किंवा बैलजोडी कोणत्याही बिलातून भरून निघत नाही. या हंगामात आपल्या कार्यक्षेत्रातला प्रत्येक टन ऊस आणि तो तोडणारा, वाहणारा प्रत्येक माणूस सुखरूप पोहोचावा, ही सदिच्छा.

आपला,
ऊस विकास अधिकारी